नववीतल्या मुलाला पेपरची लाइन टाकू द्यावी का?

अनघा (पुणे): मुलगा नववीत, चौदा पूर्ण. मित्राबरोबर पेपर टाकायला जायचं म्हणतोय. पहाटे पाचला चौकात पुरवण्या भरायच्या, मग सायकलवर साठेक घरं, सातला परत. महिन्याला बाराशे रुपये. घरी पैशाची अडचण नाही, तरी मला वाटतं जाऊ द्यावं. परवा एक दिवस नुसता मित्रासोबत गेला. परत आला तो बोटं शाईने काळी आणि तोंड थांबेना. कुठल्या इमारतीत कुत्रं आहे, कुठल्या आजी दार उघडून पेपरची वाट बघत बसतात, सगळं सांगत होता. एरवी त्याला आमच्या मजल्यावरच्या लोकांची नावं येत नाहीत. कलामांनीही लहानपणी रामेश्वरमला पेपर टाकलेच ना? ह्यांचा मात्र ठाम विरोध आहे.

गणिताच्या बाई: तुमच्या ह्यांच्या बाजूने मत. माझा पहिला तास सात वाजून वीस मिनिटांनी सुरू होतो. पेपर, दूध टाकून येणारी मुलं वर्गात असतात. फळ्यावर समीकरण मांडेपर्यंत डोळे मिटलेले. मी उठवत नाही, उठवावंसं वाटत नाही. ज्यांच्या घरी चुलीचा प्रश्न आहे त्यांना काय सांगणार? पण तुमच्या मुलाची झोप तुम्ही बाराशे रुपयांना का विकता?

सातारकर: बाई, थोडं कडक झालं. आमच्याकडे कर्मवीर अण्णांनी, म्हणजे भाऊराव पाटलांनी, 1919 मध्ये रयत शिक्षण संस्था काढली, तीच मुळी स्वावलंबनावर. वसतिगृहातल्या मुलांनी शेतात राबायचं आणि शिकायचं, त्यातूनच ‘कमवा आणि शिका’ उभं राहिलं. माझे वडील त्यातले. कष्टाची लाज त्यांना शेवटपर्यंत वाटली नाही. आताच्या मुलांना सगळं हातात मिळतं, त्यांना एक तरी रुपया स्वतःचा कमावू द्या.

लालबागकर: रयतचं उदाहरण इथे बसत नाही. तिथे काम आणि शाळा एकाच छत्राखाली होती, मुलगा दमला तर सांगायला गुरुजी होते. माझ्या वडिलांची गिरणी 1982 च्या संपात गेली. मी पहाटे पेपर, दिवसा दुकान, संध्याकाळी रात्रशाळा असं करून दहावी काढली. लोक अजून जिद्दीचं कौतुक करतात. मला त्या वयात फक्त झोपायचं होतं. अनघाताई, तुमच्या मुलाला कंटाळा आला की तो सोडू शकतो, मला ती सोय नव्हती. म्हणून माझा विरोध तुमच्या मुलाला नाही. ‘आम्हीही केलं, काय बिघडलं’ या बोलण्याला आहे.

वकील काका: कायद्याचं कोणी बोललंच नाही. बालकामगार कायद्यातल्या 2016 च्या दुरुस्तीनंतर चौदाच्या आतल्या मुलाला कामावर ठेवता येत नाही. घरच्या व्यवसायात शाळा सांभाळून मदत चालते. चौदा ते अठराला धोक्याची कामं बंद. शिवाय संध्याकाळी 7 ते सकाळी 8 काम द्यायचं नाही, आणि आठवड्याला एक सुट्टी. म्हणजे पहाटेची लाइन बसतच नाही. उद्या अंधारात डंपरने उडवलं तर पेपरचा एजंट जबाबदारी घेणार आहे का?

सातारकर: आठनंतर पेपर कोण घेणार, काका? मग हे काम मुलांना बंदच म्हणा.

वकील काका: हो, बंदच म्हणतोय.

अनघा: संध्याकाळी सात ते सकाळी आठचं मला खरंच माहीत नव्हतं. आज चौकात जाऊन एजंटांशी बोलले. ते म्हणाले, महिन्याच्या सुरुवातीला बिलं गोळा करायला माणूस लागतो, रविवारी दहानंतर येऊ दे. मुलगा नाराज आहे, त्याला पहाटच हवी होती. बाई, रविवारचे दोन तास तुम्हाला चालतील?

गणिताच्या बाई: चालतील. फक्त दहावीच्या वर्षी पुन्हा विचारा. आणि पैसे त्याच्याच हातात द्यायला सांगा, तुमच्या नको.