गॅप असलेल्या फेराइट कोअरचा 500 किलोहर्ट्झवरील लॉस मोजताना आकडा स्थिर का राहत नाही?

मकरपुरा_पॉवर
वडोदऱ्याच्या मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीतील एका छोट्या कारखान्यात आम्ही कन्व्हर्टरचे इंडक्टर बनवतो. सध्याचा कोअर (वेढ्यांच्या आतला चुंबकीय गाभा) एन87 या फेराइट मटेरियलचा, ईटीडी39 आकाराचा असून त्यातली फट म्हणजे गॅप 1.5 मिमी, वारंवारता 500 किलोहर्ट्झ आणि कमाल फ्लक्स घनता 50 मिलिटेस्ला आहे. डेटाशीट या स्थितीत 100 अंश सेल्सिअसला 215 किलोवॅट प्रति घनमीटर सांगते, म्हणजे सुमारे 2.5 वॅट लॉस (उष्णता होऊन वाया जाणारी पॉवर) यायला हवा. प्रायमरी म्हणजे मुख्य वाइंडिंगइतक्याच वेढ्यांचे, फक्त मोजण्यासाठीचे सेन्स वाइंडिंग घालून त्याचे व्होल्टेज आणि प्रायमरीचा करंट यांच्या गुणाकाराची सरासरी स्कोपवर घेतली. परंतु डीस्क्यू (दोन चॅनेलमधला वेळेचा फरक जुळवण्याची सेटिंग) एक नॅनोसेकंद मागेपुढे केला की आकडा पाऊण वॅटपासून चार वॅटच्या वर जातो. आठ बिटांऐवजी बारा बिटांचा स्कोप घेतल्यास हे थांबेल का?

दांडियाबाजार
नाही, पैसे वाचवा. तुमची पद्धत योग्यच आहे, कारण सेन्स वाइंडिंगमधून करंट वाहत नसल्याने तांब्याचा लॉस त्यात मिसळत नाही. अडचण गॅपची आहे. या गॅपमुळे परिणामी पर्मिएबिलिटी (चुंबकीय फ्लक्स वाहू देण्याची क्षमता) साठच्या आसपास येते आणि कोअरमध्ये ये-जा करणारी रिअ‍ॅक्टिव्ह पॉवर खऱ्या लॉसच्या ढोबळमानाने 240 पट होते. 500 किलोहर्ट्झला एक नॅनोसेकंद म्हणजे 0.18 अंश, अर्थात 0.00314 रेडियन, त्याला 240 ने गुणल्यास सुमारे 75 टक्के चूक निघते, आणि तुमचा आकडा हलतो तोही नेमका तेवढाच. त्याच मटेरियलचा गॅप नसलेला टोरॉइड म्हणजे कड्यासारखा कोअर घेतला तर हे गुणोत्तर पाचच्या आसपास राहते आणि एका नॅनोसेकंदाची चूक दीड टक्क्यावर येते. म्हणून मटेरियलचा लॉस टोरॉइडवर मोजावा आणि गॅपचा हिशेब वेगळा ठेवावा.

करंट कशाने मोजता, हेही तपासा. लांब पायांचा 1 ओहमचा रेझिस्टर लावला असेल, तर त्या पायांचे 10 नॅनोहेन्री इंडक्टन्स एकटेच 10 नॅनोसेकंदांची फेज-चूक घालते. अनेक चिप रेझिस्टर पॅरलल जोडून वापरावेत.

मांजलपूरकर
पावडर कोअरमध्ये गॅप मटेरियलमध्येच विखुरलेला असल्याने वरचा उपाय तिथे लागू पडत नाही. अशा वेळी व्हर्जिनिया टेकच्या गटाने मांडलेली कपॅसिटरची युक्ती कामी येते. प्रायमरीशी सिरीजमध्ये असा कपॅसिटर जोडायचा की त्याचे व्होल्टेज सेन्स वाइंडिंगच्या इंडक्टिव्ह व्होल्टेजला चाचणीच्या वारंवारतेवर रद्द करील, आणि मग त्या दोहोंची बेरीजच स्कोपवर मोजायची. उरलेले व्होल्टेज करंटच्या फेजमध्येच असल्याने एकदोन नॅनोसेकंदांनी फारसे बिघडत नाही. कपॅसिटर मात्र सीओजी (कमी लॉसचा सिरॅमिक) किंवा अभ्रकाचाच हवा; त्याचा स्वतःचा लॉस सरळ कोअरच्या खात्यात जमा होतो. शिवाय ही युक्ती साइन लहरीपुरतीच चालते.

मकरपुरा_पॉवर
आभारी आहे, टोरॉइड मागवतो. पण आमच्या इंडक्टरवर चौकोनी व्होल्टेज असते आणि वर डीसी करंटही असतो. साइनवरचा आकडा तिथे कितपत उपयोगी पडेल?

दांडियाबाजार
थेट नाही. कोअर लॉस काढण्याचे स्टाइनमेट्झचे 1892 चे सूत्र आजही वापरतात, पण त्याचे गुणांक साइन लहरीवरून काढलेले असतात. चौकोनी व्होल्टेजसाठी 2002 मध्ये सुधारित रूप आले, ज्याला सगळे आयजीएसई म्हणतात. त्यात फ्लक्स बदलण्याचा वेग धरला जातो आणि गुणांक तेच चालतात. मात्र डीसी बायस, म्हणजे तुमच्या डीसी करंटचा परिणाम, त्यात येत नाही, आणि त्याने फेराइटचा लॉस लक्षणीय वाढू शकतो. त्यासाठी बायस देऊन वेगळी चाचणी करावीच लागते. एन87 चा लॉस 100 अंशांच्या आसपास सर्वांत कमी असतो, त्यामुळे टेबलावर थंड कोअरची चाचणी केली तर आकडा डेटाशीटपेक्षा जास्तच येईल. कोअर ओव्हनमध्ये ठेवून मोजा. गॅपजवळ बाहेर फुगणारा फ्रिंजिंग फ्लक्स वाइंडिंग तापवतो, तो लॉस टोरॉइडवर दिसणारच नाही. पूर्ण इंडक्टरसाठी कॅलोरीमीटरने उष्णता मोजलेली बरी, वेळ लागला तरी तिथे फेजचा प्रश्नच उद्भवत नाही.