मदत हवी आहे: बाळंतपणानंतर केस गळतायत, माक्याचं तेल लावू का?

मैत्रिणींनो, बाळ आता साडेचार महिन्यांचं आहे आणि माझे केस मूठमूठभर जातायत. कपाळाच्या दोन्ही बाजूंना टाळू दिसायला लागलीय. परवा बाळाच्या पायाच्या बोटाला माझा केस घट्ट गुंडाळलेला सापडला, पोटात धस्स झालं. आता रोज बोटं तपासते, तुम्हीही बघत जा.

डॉक्टर म्हणाल्या, गरोदरपणात इस्ट्रोजेन वाढल्यामुळे जे केस गळायचे थांबतात, ते आता एकदम गळतात. बहुतेकींचे वर्षभरात पूर्ववत होतात. तरी हिमोग्लोबिन आणि थायरॉइडसाठी रक्त दिलंय.

सासूबाईंनी खोबरेल तेलात माका, जास्वंदीची फुलं, कढीपत्ता आणि मेथीदाणे कढवून तेल केलंय. फार मायेने केलंय, मला लावायचंय. पण बाळ अंगावर पितं, सारखं केसांत तोंड घालतं. असं तेल लावून कुणाच्या बाळाला पुरळ आलं का? रात्रभर ठेवता की तासाभरात धुता? शिकेकाईने माझा नुसता गुंता होतो आणि सोडवताना आणखी केस तुटतात, मग धुवायला काय वापरता?

शेजारच्या काकू माक्याचं चूर्ण पोटात घे म्हणतायत. पाजत असताना ते विचारल्याशिवाय घेणार नाही, हे नक्की. कुणी अशा वेळी वैद्यांना दाखवलं होतं का? त्यांनी पोटातलं औषध दिलं, की नुसतं तेल आणि आहारच सांगितला?