आपली माणसं: तात्यांच्या गोळीवरून

वहिनी: सगळ्यांनी वाचा. तात्यांना आज दाढेसाठी परत डायक्लोफेनॅक, ती दुखण्याची गोळी, लिहून दिलं. पाकीट फोडून झालं होतं, मी हातातून काढून घेतलं. गेल्या वेळचं कोणाला आठवतंय, की मलाच?

आत्या: अगं बाई! आता कसा आहे?

वहिनी: घेतलीच नाही, त्यामुळे ठीक.

मोठे काका: डॉक्टरांना आधी सांगायला नको? एवढी साधी गोष्ट.

वहिनी: सांगितलं ना त्यांनी. "लाल गोळीची ॲलर्जी आहे" असं सांगितलं. ही पांढरी होती.

बंटी: रंगाची ॲलर्जी 😂

वहिनी: बंटी, ओठ सुजले, घसा आवळला, बीपी लागेना, तेव्हा तू नव्हतास. आम्ही होतो.

बंटी: सॉरी वहिनी 🙏

आत्या: मी तेव्हापासून सांगतेय, आधी टेस्ट डोस घ्यायचा. आमच्या वेळी हातावर टोचून बघायचे.

ताई: आत्या, ते पेनिसिलिनचं. दुखण्याच्या गोळ्यांना तशी खात्रीची चाचणी नाही. आणि ज्याला एकदा एवढं झालंय त्याला "थोडीशी देऊन बघू" हा खेळ घरी किंवा साध्या दवाखान्यात करायचाच नाही. तपासायचं तर ॲलर्जीच्या डॉक्टरांकडे, हॉस्पिटलात, ॲड्रेनॅलिन (अशा वेळी जीव वाचवणारं इंजेक्शन) तयार ठेवून.

दादा: मग नक्की काय टाळायचं ते एकदा लिही ना.

ताई: कंपनीचं नाव किंवा रंग नाही, आतल्या औषधाचं नाव पाठ करायचं. डायक्लोफेनॅक कितीतरी नावांनी मिळतं. शिवाय आयब्युप्रोफेन, ॲस्पिरिन, नेप्रोक्सेन ही सगळी भावंडं. ॲलर्जीवाले डॉक्टर तपासून सांगत नाहीत तोवर सगळीच बंद. सर्दी-अंगदुखीच्या मिश्र गोळ्या, गुडघ्याला चोळायचं जेल, तेही वाचून घ्यायचं. पॅरासिटामॉल बहुतेकांना चालतं, पण तात्यांसाठी तेही विचारून.

आत्या: जेलपण?? मीच दिलंय त्याला परवा.

वहिनी: 🙂

आत्या: म्हणूनच म्हणते, आधी टेस्ट डोस.

मोठे काका: *फॉरवर्ड केलेला मेसेज* माहीत आहे का? शार्ल रिशे आणि पोर्तिए यांनी 1902 साली कुत्र्यांवर समुद्री जीवाच्या विषाचे प्रयोग मांडले. 1913 चं नोबेल रिशे यांना. ॲनाफिलॅक्सिस (अचानक येणारी जीवघेणी ॲलर्जी) हे नाव तिथलंच. ज्ञान वाटल्याने वाढते 🙏

दादा: काका, विषय काय आणि

ताई: नाही, काकांनी बरोबर टाकलंय. पहिल्यांदा निभावलेल्या कुत्र्याला काही आठवड्यांनी पुन्हा थोडंसंच विष दिलं आणि तो गेला. आत्या, तुमच्या टेस्ट डोसचं उत्तर काकांनीच दिलं.

मोठे काका: मी नेहमी विचार करूनच फॉरवर्ड करतो.

बंटी: 😶

आत्या: मलापण ॲलर्जी आहे हो. अँटिबायोटिक घेतलं की मळमळतं. माझंही लिहा.

ताई: ती ॲलर्जी नाही, साइड इफेक्ट. उगाच ॲलर्जी म्हणून नोंदवलं की उद्या चांगलं औषध हातचं जातं. काकांच्या लहानपणच्या पेनिसिलिनचंही तपासून घ्या. असा शिक्का असलेल्या 10 पैकी 9 जणांना तपासणीत काही निघत नाही.

मोठे काका: मला आईने सांगितलं होतं. आईचा शब्द मी मोडणार नाही.

वहिनी: मुद्द्यावर या. गेल्या वेळचं डिस्चार्ज कार्ड कुठंय?

दादा: काकांकडे.

मोठे काका: माझ्याकडे कसं? विम्याच्या क्लेमला तूच नेलंस.

दादा: मी झेरॉक्स नेली.

वहिनी: म्हणजे परत मीच शोधायचं. असो.

*हा मेसेज डिलीट केला गेला*

बंटी: दादा, वाचला होता मी 😄

ताई: सापडलं तरी उपयोग कमी. त्यावर नुसतं "औषधाची ॲलर्जी" लिहिलंय, नावच नाही. मी मजकूर करते, तात्यांच्या पाकिटात आणि मोबाइलच्या इमर्जन्सी माहितीत ठेवा. औषध, कशासाठी घेतलं, किती वेळात काय झालं, काय इलाज केला.

दादा: आणि तरी झालंच तर?

ताई: आडवं झोपवा, पाय वर. चालवत नेऊ नका. दम लागत असेल तर बसू द्या. ॲड्रेनॅलिन मांडीच्या बाहेरच्या बाजूला, स्नायूत. खाजेच्या गोळीवर भरवसा ठेवून वेळ घालवू नका. बरं वाटलं तरी हॉस्पिटल, काही तासांनी परत उलटू शकतं. आणि बीपीची गोळी बीटा ब्लॉकर आहे का ते डॉक्टरांना विचारा, त्यात ॲड्रेनॅलिन नीट लागू पडेलच असं नाही.

वहिनी: मांडीत टोचायचं ते घरी कोण टोचणार?

ताई: तेच त्यांना विचारायचं. दिलंच तर सगळ्यांनी शिकून घ्यायचं. आता सांगा, गोळीनंतर किती वेळात?

दादा: 10 मिनिटं.

मोठे काका: छे! अर्धा तास तरी. मी घड्याळ बघत होतो.

वहिनी: तुम्ही मॅच बघत होतात.

तात्या: गोळी मी घेतली होती. मला कोणी विचारेल का?

ताई: सांगा तात्या.

तात्या: पहिल्यांदा तळहात खाजले. मग कानात गरम वाटलं. ओठ नंतर. तेवढ्यात बातम्यांचे ठळक मुद्दे संपले होते.

ताई: तळहात पहिले, लिहिलं. बातम्यांवरून वेळही काढता येईल.

आत्या: पण मग टेस्ट डोस नकोच ना?

ताई: नको आत्या 🙏

वहिनी: आणि नवी फाईल माझ्याकडे राहील. झेरॉक्सपण.