प्रतिसाद: गोळी आणि इंजेक्शन एकाच मापाने मोजू नका
गर्भनिरोधनाच्या चर्चेत वर 'हार्मोनची कुठलीही साधनं हाडं पोखरतात' असं सरसकट लिहिलं गेलंय, ते पटलं नाही. हाडांची घनता कमी होण्याचा ठोस पुरावा मुख्यतः दर तीन महिन्यांनी घ्यायच्या डीएमपीए या गर्भनिरोधक इंजेक्शनबद्दल आहे, म्हणजे सरकारी केंद्रांत मोफत मिळणारं 'अंतरा'. त्याच्या १५० मिग्रॅच्या डोसाने बीजांडकोश जवळजवळ झोपतो, हाडं जपणारं इस्ट्रोजेन हे हार्मोन घटतं आणि हाडांची झीज भरणीपेक्षा वाढते. नेहमीच्या मिश्र (दोन हार्मोनच्या) गोळ्यांत इस्ट्रोजेन असतंच. तांबीत हार्मोनच नसतं.

झीज पहिल्या दोन वर्षांत जास्त होते, मग वेग मंदावतो आणि इंजेक्शन थांबवल्यावर घनता बरीचशी भरून येते. म्हणून १८ ते ४५ वयात जागतिक आरोग्य संघटना वापरावर मुदत घालत नाही. अठराच्या आत मात्र हाडं अजून घडत असतात आणि पंचेचाळिशीनंतर रजोनिवृत्ती जवळ येते, भरून काढायला वेळ उरत नाही. तिथे डॉक्टरांशी नीट बोलाच. दीर्घकाळ स्टेरॉइड चालू असेल किंवा किरकोळ पडण्याने हाड मोडलं असेल, तर तेही आधी सांगा. केवळ इंजेक्शन घेता म्हणून डेक्सा स्कॅनवर (हाडांची घनता मोजणाऱ्या तपासणीवर) पैसे घालवायची गरज नसते. आणि कृपा करून, भीतीपोटी दुसरं साधन ठरवल्याशिवाय पुढचा डोस चुकवू नका.