कृती आधी ऐकावी, की कर्त्याची कथा?

षड्ज
आमच्या सोलापुरातील एका छोट्या श्रवणमंडळात पाश्चात्त्य अभिजात संगीताची ध्वनिमुद्रणे एकत्र बसून ऐकली जातात. प्रत्येक कृतीपूर्वी निवेदक अर्धा तास संगीतकाराचे चरित्र, त्याचे प्रेमभंग, आजार आणि आश्रयदाते यांविषयी बोलतात व त्यानंतर कृती वाजते. हे निवेदन कृतीनंतर व्हावे असे माझे स्पष्ट मत आहे आणि त्यावर येथे चर्चा व्हावी अशी इच्छा आहे.

बेथोव्हेनने १८०१ मध्ये रचलेला सी शार्प मायनरमधील पियानो सोनाटा सर्वांना 'मूनलाइट' म्हणून ठाऊक आहे. त्याच्या मृत्यूनंतर (तो १८२७ मध्ये वारला) लुडविग रेलश्टाब या समीक्षकाच्या वर्णनामुळे हे नाव रूढ झाले. पहिला भाग ऐकून रेलश्टाबला लुसर्न सरोवरावरचे चांदणे आठवले होते. एकदा चांदणे सांगितले की श्रोता पहिल्या भागात तेच शोधत बसतो आणि तिसऱ्या भागात स्वरांचे लोंढे खालून वर उसळून आघातांवर आदळू लागले की गोंधळतो. वास्तविक त्या सोनाट्याचा सारा जोर त्या तिसऱ्या भागाकडे झुकलेला आहे. पाचव्या सिंफनीतील 'नियती दार ठोठावते आहे' ही कथा तर बेथोव्हेनचा चिटणीस व चरित्रकार अंटोन शिंडलर याच्या भरवशावर चालत आली आहे, आणि या गृहस्थाने बेथोव्हेनच्या संभाषणवह्यांमध्ये (ऐकू येईनासे झाल्यावर लोक त्याच्याशी ज्यांत लिहून बोलत, त्या वह्यांमध्ये) त्याच्या मृत्यूनंतर स्वतःच्या नोंदी घुसडल्याचे विसाव्या शतकात संशोधकांनी दाखवून दिलेले आहे.

नवी पेठकर
आपला आक्षेप खोट्या कथांवर आहे, तो मान्य. परंतु त्यावरून खरी पार्श्वभूमीही मागे ढकलावी हा निष्कर्ष निघत नाही. सोलापुरात वाद्यवृंद प्रत्यक्ष ऐकण्याची सोय नाही, त्यासाठी मुंबई गाठावी लागते. ज्याच्या कानावर हे संगीत लहानपणापासून पडलेलेच नाही, त्याला चाळीस मिनिटांची कृती काहीही न सांगता ऐकवणे म्हणजे परगावच्या पाहुण्याला पत्ता न देता गड्ड्याच्या जत्रेच्या गर्दीत सोडण्यासारखे आहे.

फ्रेंच संगीतकार ओलिव्हिए मेसियाँचे 'काळाच्या अंतासाठी चतुष्क' घ्या. क्लॅरिनेट, व्हायोलिन, चेलो आणि पियानो असा वाद्यमेळ त्या काळी रूढ नव्हता. जर्मनीतील गर्लिट्झ येथील युद्धकैद्यांच्या छावणीत मेसियाँच्या सोबत नेमके हेच वादक होते, म्हणून ही वाद्ये आली, आणि १५ जानेवारी १९४१ रोजी त्या छावणीतच ती कृती प्रथम वाजली. हे ठाऊक नसलेल्या श्रोत्याला त्यातील एकट्या क्लॅरिनेटचा प्रदीर्घ भाग केवळ लहर वाटेल.

तीव्र मध्यम
नवी पेठकर यांनी निवडलेले उदाहरण त्यांच्याच विरोधात जाते. त्या प्रयोगात चेलोला तीनच तारा होत्या आणि श्रोते पाच हजार होते, असे मेसियाँ पुढे सांगत असे. चेलो वाजवणाऱ्या एतिएन पास्किएने मात्र तारा चारही होत्या असे ठामपणे सांगितले, आणि त्या सभागृहात पाच हजार माणसे मावणे शक्यच नव्हते. म्हणजे दंतकथा रचणारा शिंडलरसारखा तिसराच कोणी असावा लागतो असे नाही. कर्ता स्वतःही ती रचतो. अशा वेळी निवेदकाने कोणाचा शब्द प्रमाण मानावा?

आपल्याकडे ही उठाठेव कधी नव्हती. महंमदशाह रंगीले याच्या दरबारातील नियामत खाँ 'सदारंग' यांच्या बंदिशी आजही गायल्या जातात. बंदिशीत मुद्रा, म्हणजे कर्त्याचे टोपणनाव, येते, क्वचित बादशहाचे नाव येते, आणि कर्त्याचा परिचय तेथेच संपतो. त्यांच्या चरित्रावाचून कोणाचा ख्याल अडलेला नाही.

सुंदरीप्रेमी
आपल्या सोलापूरच्या जाधव घराण्याने टिकवलेले सुंदरीवादन (सुंदरी म्हणजे सनईच्या जातीचे छोटे वाद्य) ऐकताना तर बंदिशीचे शब्दही नसतात, तरी माना डोलतात. येथल्या कानांना कमी लेखू नये, एवढेच.

नवी पेठकर
सुंदरी ऐकताना माना डोलतात, कारण राग आणि ताल ओळखीचे असतात. ती पार्श्वभूमी आपल्याला घरातच मिळालेली असते. सदारंगांबाबतही तेच म्हणता येईल. सोनाट्याचा आराखडा ही ओळख आपल्याला कोणीतरी सांगितल्याशिवाय होत नाही.

शिवाय तीव्र मध्यम यांनी फ्रेंच संगीतकार बर्लिओझचा विचार करावा. त्याच्या 'फँटॅस्टिक' सिंफनीचा पहिला प्रयोग ५ डिसेंबर १८३० रोजी पॅरिसमध्ये झाला, तेव्हा प्रेमात वेडावलेल्या कलावंताची संपूर्ण कथा छापील पत्रकाच्या रूपाने श्रोत्यांसाठी तयार होती. प्रेयसीची धून पाचही भागांत रूपे बदलत येते आणि अखेरीस चेटकिणींच्या मेळाव्यात ती विद्रूप, थिल्लर नाच होऊन अवतरते. कथा न सांगता तो उपहास कसा कळावा?

षड्ज
धून विद्रूप झाली हे कळण्यासाठी ती आधी मन लावून ऐकलेली असावी लागते, पत्रक वाचलेले नसले तरी चालते. खुद्द बर्लिओझनेही पुढे असे लिहून ठेवले की, ही सिंफनी मैफलीत स्वतंत्रपणे वाजवली जाईल तेव्हा पत्रक वाटणे अनिवार्य नाही, भागांची शीर्षके पुरेशी आहेत.

आराखडा सांगण्याला माझा विरोध कधीच नव्हता. 'इरोइका' सिंफनी ऐकवताना आमच्याकडे नेपोलियनचे नाव बेथोव्हेनने मुखपृष्ठावरून कसे खरडून काढले यावर वीस मिनिटे गेली. पहिल्या भागात मूळ धून परतण्याच्या चार मापे (तालाचे छोटे विभाग, 'बार') आधीच हॉर्न ती घेऊन टाकतो, व्हायोलिने अजून वेगळ्याच स्वरसंगतीवर कंप देत असताना, याचा उल्लेखही झाला नाही. पहिल्या तालमीत फर्डिनांड रीस या शिष्याला वाटले की हॉर्नवाला चुकला. तसे तो बोलून गेला आणि गुरूची थप्पड थोडक्यात हुकली. ही कथा मी कृतीच्या आधीही आनंदाने ऐकेन, कारण ती कानाला नेमकी जागा दाखवते. खरडलेल्या मुखपृष्ठाने एकही स्वर अधिक स्पष्ट होत नाही.

तीव्र मध्यम
पुढील सभेत मोत्सार्टचे 'रेक्विएम', म्हणजे मृतांसाठीच्या प्रार्थनेचे संगीत, आहे असे कळते. त्यातील 'लॅक्रिमोसा' या भागाची पहिली आठ मापेच मोत्सार्टच्या हातची आहेत, पुढचे त्याच्या मृत्यूनंतर त्याचा सहायक झ्यूसमायर याने पुरे केले. हे आधी सांगितले, तर नवव्या मापापासून अर्धे सभासद पडती बाजू शोधू लागतील. निदान त्या संध्याकाळी तरी निवेदकांनी कोणी काय रचले हे आधी सांगू नये.

नवी पेठकर
श्रोत्यांना कर्ता कळू न देण्याचा प्रयोग त्याच कृतीवर एकदा झालेला आहे. पत्नीच्या स्मरणार्थ ती रचना मागवणाऱ्या काउंट वाल्झेगने तिची स्वतःच्या हाताने नक्कल केली आणि डिसेंबर १७९३ मध्ये आपलीच म्हणून ती सादर केली. समोर बसलेल्यांना संगीत निश्चितच भिडले असेल, कोणाच्याही चरित्राचा अडथळा न होता. तरीही झ्यूसमायरचे नाव मला आधीच सांगितले जावे, असा माझा आग्रह राहील. नवव्या मापापुढेही माझे डोळे भरले, तर त्याचे श्रेय कोणाला द्यायचे हे मला त्या क्षणी ठाऊक असायला हवे.