भाकरी बंद करण्याआधी गोळ्यांचं बघा

मधुमेहात लो कार्ब (म्हणजे पोळी-भातासारखे पिष्टमय पदार्थ, कार्ब्स, कमी) कसं खायचं यावर एकांनी "गोळ्या चालू ठेवा आणि उद्यापासून पोळी-भात बंद, पनीर-टोफू-पालेभाज्यांवर राहा" असं लिहिलंय. पालेभाज्या-पनीरचं पटलं, शाकाहारात लो कार्ब जमतं हेही खरंय, पण "गोळ्या तशाच" हे अजिबात करू नका. माझ्या सासूबाईंना टाइप 2 मधुमेह आहे, मेटफॉर्मिनच्या गोळीसोबत ग्लिमेपिराइड 2 मिग्रॅ ही साखर कमी करणारी दुसरी गोळी चालू होती, आणि आम्ही उत्साहात पोळी-भात बंद करून मुगाचं धिरडं, पनीर, मेथी, दही असं सुरू केलं. चौथ्या दिवशी साडेअकराला त्यांना दरदरून घाम, हात थरथरायला लागले, मीटरवर रक्तातली साखर फक्त 54! लगेच तीन चमचे साखर पाण्यातून दिली, पंधरा मिनिटांनी परत तपासलं तेव्हा 82, तोवर माझा जीव थाऱ्यावर नव्हता.

ग्लिमेपिराइड स्वादुपिंडाला इन्शुलिन सोडायला लावते, तुम्ही जेवलात की नाही ते तिला कळत नाही, म्हणून कार्ब्स कमी केले की साखर खाली जाते. डॉक्टरांनी डोस आधी अर्धा केला, दीड महिन्याने बंदच केला, मेटफॉर्मिन तेवढी ठेवली. इन्शुलिनवाल्यांनी तर आधी विचारायलाच हवं. आणि डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन (लघवीवाटे साखर बाहेर टाकणाऱ्या गोळ्या) चालू असेल तर अजून जपून, कारण कार्ब्स फार कमी झाले तर साखर फारशी वाढलेली नसतानाही किटोॲसिडोसिस (रक्तात आम्ल साठण्याचा जीवघेणा त्रास) होऊ शकतो, त्यामुळे उलट्या, पोटदुखी, धाप असं काही वाटलं तर मीटरवर विसंबून घरी थांबू नका, सरळ हॉस्पिटल गाठा.