कार्यक्रम करणारे कलावंत वर्ग घेतात तेव्हा केंद्राने वेळापत्रक कोणाचे पाळावे?

बोरीकाठ (प्रश्न)

सप्रेम नमस्कार. तालुक्याच्या गावी, जुन्या वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर आम्ही काही जण मिळून गेली चार वर्षे एक छोटे कलाकेंद्र चालवतो. गायन-हार्मोनियम, तबला, चित्रकला आणि नाट्य हे वर्ग पहिल्यापासून आहेत. दोन वर्षांपूर्वी त्यांत वही गायनाची, म्हणजे डफाच्या साथीने गायल्या जाणाऱ्या खानदेशी लोकगायनाची, भर पडली. (पाटी लावली तेव्हा दोन-तीन पालकांना हा अक्षर सुधारण्याचा वर्ग वाटला होता. खानदेशातच ही गत असेल तर इतरांचे काय सांगावे.) शिकवणारे सगळे प्रत्यक्ष कार्यक्रम करणारे आहेत आणि ते आम्ही मुद्दाम ठरवले होते, कारण जो माणूस चार दिवसांपूर्वी मांडवात बसून हजार लोकांसमोर वाजवून आला आहे त्याच्या हाताखाली शिकण्यात जे मिळते ते पुस्तकावरून शिकवणाऱ्याकडून मिळत नाही, असे आमचे मत होते आणि आजही आहे.

अडचण वहीच्या वर्गापासून सुरू झाली. हा वर्ग घेणारे बाबा सत्तरीच्या घरातले आहेत. श्रावणातला पहिला दिवस होता, हवा ओली होती आणि डफाचे कातडे सैल पडले होते. बाबांनी मुलांना गच्चीवर नेले, आडोशाला रद्दी आणि चार काटक्या पेटवायला लावल्या आणि डफ आचेवर धरून हळूहळू फिरवला. दर थोड्या वेळाने ते बोटाच्या पेराने टिचकी मारून प्रत्येक मुलाच्या कानाशी डफ नेत होते. आधीचा भद्द आवाज आणि नंतरचा खणखणीत आवाज यांतला फरक बाराही मुलांना ऐकू येईपर्यंत पाऊण तास गेला आणि त्या दिवशी गाणे झालेच नाही. घरी गेल्यावर एका मुलाला वडिलांनी काय शिकलास म्हणून विचारले, तर तो म्हणाला, "डफ शेकला." दुसऱ्या दिवशी वडील फी परत मागायला आले.

त्यांना मी समजावले आणि मुलगा अजून येतो. मात्र तुळशीचे लग्न लागले की आमची खरी परीक्षा सुरू होते. बाबांना वहीची आमंत्रणे येतात, तबल्याचे गुरुजी ऑर्केस्ट्राबरोबर लग्नाच्या तारखांना जातात, नाट्याचे दादा नोव्हेंबरात राज्य नाट्य स्पर्धेच्या तालमींत अडकतात आणि चैत्रात यात्रांचा हंगाम येतो. मागच्या हिवाळ्यात वहीचे निम्मे तास बुडाले. कार्यकारिणीतील काही सदस्यांचे आता म्हणणे आहे की संगीताची विशारद परीक्षा झालेले, रोज वेळेवर येणारे शिक्षक नेमावेत, लेखी अभ्यासक्रम करावा आणि या कलावंतांना वर्षातून एकदा स्नेहसंमेलनाला बोलवावे. अभ्यासक्रमाचे बाबांजवळ काढले तेव्हा त्यांनी एका वाक्यात विषय मिटवला : "मनी वही कागदवर ऱ्हास नही, भाऊ." (माझी वही कागदावर राहत नाही.)

आपल्यापैकी कोणी असे केंद्र चालवत असल्यास किंवा अशा केंद्रात शिकवत असल्यास अनुभव सांगावा. गैरहजेरी आणि मानधन यांचा मेळ आपण कसा घातला? कार्यकारिणीची बैठक पुढच्या रविवारी आहे.

ढोलकी_चोपडा

भाऊ, मी त्या गैरहजर राहणाऱ्यांपैकी आहे, म्हणून दुसरी बाजू मांडतो. बारा वर्षे एका केंद्रात ढोलकी आणि तबला शिकवला आणि शेवटी सोडून दिला. तेथे पूर्ण महिन्याचे जे मानधन मिळत होते, जवळजवळ तेवढी बिदागी लग्नसराईत एका रात्रीच्या सुपारीला मिळे. सुपारी नाकारली तर ती दुसऱ्याकडे जाते आणि पुढच्या वर्षी आपले नाव कोणी काढत नाही. त्यामुळे "कार्यक्रम सोडून वर्गाला या" असे म्हणणे म्हणजे ज्या गोष्टीसाठी तुम्ही आम्हाला बोलावले तीच सोडायला सांगणे आहे.

माझ्या मते दोष वेळापत्रकाचा आहे. ते शाळेवरून उचललेले असते : जून ते एप्रिल, आठवड्याला तीन दिवस, सायंकाळी साडेपाच ते साडेसहा. आमचे वर्ष तसे नसते. आखाजी (अक्षय्य तृतीया) झाली, ज्येष्ठातल्या शेवटच्या तिथी आटोपल्या की आषाढापासून मांडव उठतात आणि मधले गणपतीचे दहा-बारा दिवस वगळले तर नवरात्रापर्यंत बहुतेक कलावंत घरीच असतात. खरे सांगायचे तर त्या दिवसांत हाताला काम नसते आणि उसनवारी सुरू होते. हेच तीन महिने केंद्राने धरावेत. आठवड्याला चार-पाच दिवस बसवावे आणि एका तासाऐवजी दोन तास घ्यावेत. दसऱ्यानंतर आठवड्यात एकच दिवस ठेवावा आणि तोही सुपारी क्वचित असते अशा वारी ठेवावा. खेड्यावरून येणाऱ्या मुलांच्या दृष्टीनेही हे बरे पडते, कारण दसऱ्यानंतर कापूस वेचणीला हात लागतात आणि वर्गाची पटसंख्या तशीही गळते.

हंगामात वर्ग बुडतो असे म्हणण्याऐवजी तो हलवता येतो. मी माझ्या दोन मोठ्या विद्यार्थ्यांना पालकांच्या संमतीने जवळपासच्या कार्यक्रमांना नेत असे. काम एकच असायचे : बाजूला बसायचे, वाद्ये सांभाळायची, आणि गाणाऱ्याने मध्येच लय वाढवली की माझा डावा हात काय करतो ते पाहायचे. गायिकेचा घसा बसलेला असताना ढोलकीने किती मागे राहावे, हे वर्गात सांगून कळत नाही, कारण वर्गात कोणाचा घसा बसत नाही. त्यांपैकी एकजण आता माझ्यापेक्षा जास्त सुपाऱ्या घेतो. (त्याबद्दल तक्रार नाही, थोडीशी आहे.)

निवृत्त_चित्रकला_शिक्षक

वरील प्रतिसाद पटला, तरी कार्यकारिणीच्या बाजूनेही दोन शब्द लिहिणे मला आवश्यक वाटते. पालक प्रमाणपत्र मागतात याबद्दल त्यांना नावे ठेवण्यात अर्थ नाही. एलिमेंटरी व इंटरमीजिएट या शासकीय रेखाकला परीक्षा असोत किंवा गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रारंभिकपासून विशारदपर्यंतच्या परीक्षा असोत, मुलाला त्यांतून एक पायरी दिसते, आणि आता दहावीला कलेचे वाढीव गुण मिळू लागल्यापासून तर हा आग्रह वाढला आहे. गंमत अशी की मंडळाच्या परीक्षांची एप्रिल-मे आणि नोव्हेंबर-डिसेंबर ही दोन्ही सत्रे नेमकी लग्नसराईत येतात. म्हणजे ज्या दिवसांत परीक्षेची तयारी करून घ्यायची त्याच दिवसांत आपले गुरुजी मांडवात असतात.

हा पेच नवा नाही. विष्णु दिगंबर पलुसकरांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले तेव्हा पुढे शिकवणारी माणसे लागणार हे ओळखून त्यांनी उपदेशक तयार करण्याचा वेगळा वर्ग ठेवला होता. स्वतः मैफल गाजवणारा माणूसच हे करत होता, हे लक्षात घेण्यासारखे आहे. मैफल करणे आणि शिकवणे ही दोन कामे आहेत, ती एकाच माणसाने करावीत असा हट्ट त्यांनी धरला नाही. आपणही धरू नये. आपल्याच चाळीसगावच्या केकी मूस यांचे उदाहरण घ्या. टेबलावर साध्या वस्तू मांडून त्यांतून देखावा उभा करणारे त्यांचे छायाचित्रण जगभर नावाजले गेले, पण आयुष्याची कित्येक दशके घराबाहेर क्वचितच पडलेल्या या माणसाकडे कोणी सोमवार-बुधवारचा वर्ग मागितला असता का?

म्हणून माझी सूचना जोडीची आहे. आमच्या शाळेच्या छंदवर्गात मी एका साइनबोर्ड रंगवणाऱ्या कारागिराला बोलावत असे. फ्लेक्स आल्यानंतर त्याचे काम जवळजवळ संपले होते. मी मुलांना अक्षरांचे प्रमाण शिकवायचो, रेघा आखून घ्यायचो आणि हजेरी घ्यायचो. तो फक्त एक अक्षर काढून दाखवायचा. डाव्या हातात आडवी काठी धरून तिच्यावर उजवे मनगट टेकवायचे, ब्रश रंगात बुडवून डब्याच्या काठावर दोन्ही बाजूंनी चपटा करायचा, आणि 'क'चा पोटगोल श्वास रोखून एका झटक्यात काढायचा. मुले त्याच्या हाताऐवजी छातीकडे पाहत, श्वास कधी सोडतो ते. त्याला विचारले की श्वास का रोखतोस, तर तो म्हणे, "मी कुठे रोखतो, सर?" त्याला ठाऊक नसलेली गोष्ट मुलांना सांगणे हे माझे काम होते आणि ती करून दाखवणे हे त्याचे. विशारद शिक्षक नेमा, अवश्य नेमा. पण बाबांच्या जागी नेमू नका, बाबांच्या शेजारी बसवा.

हिशेबनीस

फक्त पैशांबद्दल लिहितो. तासावर मानधन देण्याची पद्धत बंद करावी, कारण तीमुळे पावसाळ्यात कलावंताला थोडे मिळते आणि हिवाळ्यात आपल्याला माणूस मिळत नाही. वर्षाची रक्कम ठरवून तिचे बारा समान हप्ते द्यावेत आणि वर्षभरातील एकूण तासांची संख्या आधी लिहून घ्यावी. ते तास कोणत्या महिन्यात होतात हा प्रश्न उरत नाही. प्रत्येक हप्त्याची पावती ठेवावी. आणखी एक. राज्य शासनाची ज्येष्ठ साहित्यिक व कलावंतांसाठी मासिक मानधनाची योजना आहे आणि तिचा अर्ज करताना कलाक्षेत्रातील कामाचे पुरावे लागतात. आपले बाबा सत्तरीचे आहेत. त्यांनी अर्ज केला नसेल तर केंद्राने त्यांची कात्रणे, कार्यक्रमपत्रिका आणि स्वतःचे पत्र एका फाइलमध्ये लावून द्यावे. कलावंताला त्याचा उपयोग कोणत्याही सत्कारापेक्षा जास्त होतो.

पांझरा_माई

मला एका गोष्टीचे आश्चर्य वाटले. पाच वर्गांत शिकवणारी एकही बाई नाही. बाई कार्यक्रम करत नाही म्हणून ती कलावंत नाही, असे तर आपण धरले नाही ना? आमच्याकडे धुळ्याला महिला मंडळाच्या खोलीत आम्ही कानबाईची (ही आमच्या खानदेशातली देवी, तिचा उत्सव श्रावणात असतो) आणि आखाजीची गाणी शिकवण्याचा प्रयत्न केला. ज्या आजींना बोलावले त्या तीन वेळा नाही म्हणाल्या. "मले गानं येत नही," हे त्यांचे उत्तर आणि त्यांच्या तोंडी ऐंशीच्या वर गाणी. शेवटी आम्ही वर्ग हा शब्दच वगळला. श्रावणात कानबाईच्या आदल्या दिवशी नैवेद्याच्या रोटांसाठी गहू निवडायला बोलावले आणि मुलींना शेजारी बसवले. सुपातले गहू संपेपर्यंत चार गाणी झाली. झोक्याची गाणी तर खोलीत बसून त्यांना आठवेचनात. अंगणातल्या झाडाला दोर बांधून एका नातीला झोक्यावर बसवले, तेव्हा झोका मागे येण्याच्या वेळेवर ओळ आपोआप येऊ लागली.

एक सावधगिरी सांगते. आमच्या एका विद्यार्थिनीने आजींचे गाणे मोबाइलवर टिपून इंटरनेटवर टाकले आणि खाली स्वतःचे नाव लिहिले. तिच्या मनात वाईट काही नव्हते, पण आजी पुढचे दोन महिने आल्या नाहीत. तेव्हापासून टिपण करायचे असल्यास गाणाऱ्याला आधी विचारायचे, नाव आणि गाव त्यांचेच घालायचे, आणि एक प्रत त्यांच्या घरच्या फोनवर द्यायची, असा नियम आहे. बाबांची वही कागदावर राहत नसेल. ती आवाजात ठेवता येईल, मात्र त्यांच्या परवानगीने.

बोरीकाठ

सर्वांचे मनापासून आभार. माईंचा प्रश्न लागला, आणि लागायलाच हवा होता. आमच्या तबल्याच्या गुरुजींच्या आई आखाजीला अख्ख्या गल्लीला गवराईची (गौरीची) गाणी सांगतात आणि त्या चार वर्षांत एकदाही वरच्या मजल्यावर आलेल्या नाहीत.

रविवारच्या बैठकीत मी तीन गोष्टी मांडणार आहे. मानधन वर्षाच्या बोलीवर आणि बारा हप्त्यांत द्यावे. वहीचे बहुतेक तास आषाढ ते भाद्रपद या काळात घ्यावेत. आणि गायनाच्या वर्गाला परीक्षेपुरता एक विशारद शिक्षक जोडीला घ्यावा, कारण त्या वर्गाच्या पालकांची मागणी रास्त आहे. वहीच्या वर्गाला मात्र परीक्षा नको, यावर मी अडून बसेन. सदस्यांपैकी एकजण हिशेबाला पक्के आहेत. हंगामात बसल्या जागी हप्ता का द्यायचा, असे ते विचारतील. ढोलकीवाल्या दादांचा उसनवारीचा मुद्दा मी त्यांना वाचून दाखवीन.

एक शंका अजून उरते. मुलांना रात्रीच्या वहीला नेणे पालकांना कितपत रुचेल? बाबांचे कार्यक्रम उशिरा सुरू होतात आणि मुले बारा-तेरा वर्षांची आहेत.

ढोलकी_चोपडा

बारा वर्षांच्या मुलांना रात्रीच्या कार्यक्रमाला नेऊ नका. मी नेले ते दोघे कॉलेजात होते. लहान मुलांसाठी बाबांच्या मंडळालाच एखाद्या रविवारी दुपारी गच्चीवर बोलवा, चार माणसे आली तरी पुरे, आणि पालकांनाही बसवा. फक्त त्या दिवशी रद्दी पेटवू नका, रद्दीची आच धड टिकत नाही. केंद्राच्या खर्चातून एक कोळशाची शेगडी घेऊन ठेवा. आमच्या केंद्रात मी बारा वर्षे ती घरून सायकलवर आणत होतो.